चाळिसावं गाव

मंगळवार, १७ सप्टेंबर २०२४, चोमा

आज माझ्या हातून एक मशीन मेलं. आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःलाच काहीतरी वेगळं सांगेन.

सकाळी नऊला सियामायुवा मास्तर दुकानात आले. मागे हातगाडीवाला, गाडीत गोणपाटाखाली त्यांचा कॉम्प्युटर. मी त्यांना पटकन ओळखलं नाही, इतके वाळलेत. पाचवीत ते आम्हांला गणित शिकवायचे, त्यांच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. सदरा तोच असावा, पण अंगावर मोठा झालाय.

"नामूंगा, सगळं छापून दे," म्हणाले. "चारशे पानं असतील."

वीज आली होती आणि आमच्या भागाची पाळी एक वाजेपर्यंत होती. छापायला सुरुवात केली आणि अकरा पानांवर त्यांचं मशीन अडकलं. परत चालू केलं, परत अडकलं. मला माहीत होतं हे कशाने होतं. या जातीच्या जुन्या मशीनांचा बायोस बदलला की हा आजार जातो. बायोस म्हणजे मशीन जागं होताना सगळ्यात आधी जे वाचतं ते. एका इवल्याशा चिपमध्ये असतं. मी म्हटलं, "मास्तर, पंधरा मिनिटांचं काम आहे, करूनच टाकते. मग पुन्हा कधी त्रास देणार नाही."

मास्तर म्हणाले, "जेवढी निघतील तेवढी पानं काढ. रोज थोडी थोडी काढू."

मी ऐकलं नाही. खरं लिहायचं तर मला त्यांना दाखवायचं होतं की पाचवीतली ती मागच्या बाकावरची मुलगी आता काय काय करते.

इन्व्हर्टरवर लोकांचे बावीस फोन चार्जिंगला लावले होते. ते काढून मशीन त्यावर घ्यायला हवं होतं. पण एक वाजेपर्यंत वीज आहे म्हणून मी थेट भिंतीच्या प्लगला लावलं. अकरा वीसला वीज गेली. पडद्यावरची पट्टी निम्म्याच्या थोडी पुढे होती.

नंतर इन्व्हर्टरवर लावून पाहिलं. पंखा फिरतो, पिवळा दिवा लुकलुकतो, पडदा काळा. मी मास्तरांना म्हटलं, तासाभरात होईल. ते क्रेटवर बसून राहिले, चार वाजेपर्यंत. निघताना भिंतीला हात लावून जरा थांबले आणि मग गेले. एवढा राग मी त्यांच्या तोंडावर शाळेतही पाहिला नव्हता.

बुधवार, १८ सप्टेंबर

सकाळी डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. वाटलं, मशीन मेलं तरी डिस्क जिवंत आहे, फायली उचलून घेऊ. तिने अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागितली. हे मशीन राजधानीतल्या, लुसाकाच्या कुठल्याशा ऑफिसच्या लिलावातलं. तिथल्या लोकांनी डिस्कला कुलूप लावून ठेवलंय, मास्तरांना त्याचा पत्ताही नाही. किल्ली मशीनच्या मुख्य पाटीवरच्या एका चिपमध्ये आहे आणि ती चिप फक्त ओळखीच्या बायोसला किल्ली देते. थोडक्यात, हेच मशीन, याच जुन्या बायोससकट, पुन्हा उठायला हवं. दुसरा रस्ता नाही.

दुपारी मास्तर आले. मी विचारलं, आत काय आहे.

तेवीस वर्षांचं काम आहे. निवृत्त झाल्यावर सायकलवर ग्वेंबे खोऱ्यात हिंडले. करिबाच्या धरणाखाली जी गावं बुडाली, तिथून उठवलेल्या म्हाताऱ्यांना भेटले. कुणाचं घर कुठे होतं, कुणाची थडगी कुठल्या झाडाखाली, पावसासाठी पूजा कुठे व्हायची, हे सगळं गावागावाने लिहून घेतलं. चाळीस गावं. वह्या वाळवीने खाल्ल्या, पण त्याआधी टाइप झालं होतं.

"दुसरीकडे कुठे प्रत आहे का, मास्तर?"

"तीच काढायला आलो होतो," म्हणाले.

शुक्रवार, २० सप्टेंबर

मशीन बनवणाऱ्यांनी एक सोय ठेवलेली असते. पेन ड्राइव्हवर ठरावीक नावाची फाइल ठेवायची, दोन बटणं दाबून धरायची आणि वीज द्यायची, की मशीन आपोआप बायोस परत घेतं. तीन पेन ड्राइव्ह झाले, सहा नावं झाली, आतला सेल काढून अर्धा तास ठेवून झालं. पंखा फिरतो, दिवा लुकलुकतो.

मास्तर आजही आले. हातात बाटली, तिच्यात लव्हनेसने केलेलं मक्याचं चिब्वांतु. लव्हनेस त्यांची मुलगी, इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते. मला म्हणाले, "तू पी. मला आंबलेलं मानवत नाही हल्ली." ज्या माणसाने शाळेत दोन-दोन लोटे रिचवले त्याला चिब्वांतु मानवत नाही म्हणे. मला वाटतं, माझ्या दुकानात त्यांना काही घशाखाली घालायचं नाही.

मग म्हणाले, "तोवर तू एक काम कर. वही घे. मी सांगतो, तू लिही. थोडंच आहे."

मी म्हटलं, "कशाला शिणता, मास्तर? सगळं आत आहे. आठवडाभरात बाहेर काढते."

"सगळं नाही," म्हणाले.

तेवढ्यात एकीचा फोन सापडेना म्हणून ओरडा झाला आणि मी तिकडे गेले. परत आले तर ते मशीनच्या डब्यावरची धूळ रुमालाने पुसत बसले होते. 'सगळं नाही' म्हणजे काय ते मला कळलं. सगळं परत मिळणार नाही, असंच ते म्हणत होते. माझ्यावर इतकाही भरवसा नाही त्यांचा. दिवसभर तेच मनात घोळत राहिलं.

सोमवार, २३ सप्टेंबर

लुबिंदाला फोन लावला. लुसाकाला कामवाला बाजारात त्याचं दुकान आहे. आम्ही एकत्र कोर्स केला होता. तो लोझी, मी टोंगा; ते नदीकाठचे मासेवाले, आम्ही गाईवाले, दोन्ही जमातींत चेष्टेचं जुनं नातं, त्यामुळे कामाचं बोलण्याआधी शिव्या ठरलेल्या.

"बोल, गाई कशा आहेत तुझ्या?"

"बऱ्या आहेत. तुझ्या राजाची होडी कोरडी पडली म्हणे नदीत."

"पडू दे. तू काय मारलंस ते सांग. टोंगा बाई फुकट फोन करत नाही."

सांगितलं. त्याने सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "प्लग भिंतीला? नामूंगा, गाईला तरी बायोस नसतो. तिच्याजवळच राहायचं होतंस."

मग त्याचा सूर बदलला. म्हणाला, चिप थेट लिहावी लागेल. एक छोटं यंत्र असतं, त्याला आठ पायांचा चिमटा. चिमटा चिपच्या पायांवर बसवायचा, यंत्र लॅपटॉपला जोडायचं आणि आधी वाचायचं. "वाचायचं, लिहायचं नाही. दोनदा वाच. दोन्ही वाचनं तंतोतंत एक आली तरच पुढे जा. आणि ते बाजूला जपून ठेव. त्या चिपमध्ये त्या मशीनचं स्वतःचंही काही लिहिलेलं असतं. ते पुसलंस तर कुलूप कायमचं."

यंत्र तो बसने पाठवणार आहे.

शनिवार, २८ सप्टेंबर

यंत्र आलं. चिमटा अगदी स्वस्तातला, पाय वाकडे. वाचते तर कधी सगळे शून्य, कधी कचरा. बारा वेळा काढून लावला. मग ठेवून दिलं.

आई दुकानासमोर भजी तळते, तिथून ओरडली, "बाई, त्या पेटीत तोंड घालून बसलीयेस चार दिवस. मास्तर कालपासून आले नाहीत, लक्षात आलं का?"

"बरंय. आले की मला लाज वाटते."

"लाज वाटते म्हणून जाऊन बसावं माणसाच्या दारात. लपून काय होतं?"

आईला सगळं सोपं वाटतं. रिकाम्या हाताने जाऊन काय बोलू?

बुधवार, २ ऑक्टोबर

शेवटी गेले मास्तरांकडे. लुबिंदा दुसरा चिमटा पाठवतोय, एवढं तरी सांगण्यासारखं होतं.

घर शहराबाहेर, डांबर संपतं त्याच्याही पुढे. मास्तर अंगणात चटईवर पडले होते, डोक्याखाली गुंडाळलेलं चितेंगे, बायका कमरेला नेसतात ते कापड. लव्हनेस पाणी गरम करत होती. मला पाहून ती जरा विचित्रच हसली. म्हणाली, "बरं झालं आलीस. रोज विचारतात, नामूंगा आली का."

मी मास्तरांना चिमट्याचं सगळं समजावून सांगितलं, कुठला पाय कुठे बसतो ते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "ते होईल तेव्हा होईल. तू बस."

बसले.

"आम्ही निघालो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो," म्हणाले. "सियामुबोतु. आमचं गाव. घरातून नदीकडे उतरताना उजव्या हाताला माझ्या आजोबांचं..." इथे त्यांना ठसका लागला. लव्हनेसने पाणी दिलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, आजोबांवरून ट्रकवर गेले, ट्रकवरून आईवर. "माझी आई तेव्हा..." आणि थांबले. खूप वेळ थांबले.

मी घड्याळ पाहिलं. या आठवड्यात आमच्याकडे वीज दोन ते पाच असते आणि दीड वाजून गेला होता. मी म्हटलं, "मास्तर, वीज यायची वेळ झाली. दमू नका तुम्ही. मशीन उठलं की मी ते इथेच आणते, मग निवांत वाचून दाखवते तुम्हांला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जा," म्हणाले. "काम महत्त्वाचं."

लव्हनेस फाटकापर्यंत आली. तिला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, उशीर होतोय. पळतच निघाले.

दोन ते पाच वीज आलीच नाही.

सोमवार, ७ ऑक्टोबर

नवा चिमटा पहिल्याच खेपेला बसला. दोनदा वाचलं, दोन्ही वाचनं एक. अर्धा बायोस नवा, अर्धा जुना, मधे जिथे वीज गेली तिथे तुटलेलं. आता नेमका तोच जुना बायोस हवा, आवृत्तीचा आकडाही तोच. कंपनीने तो आपल्या साइटवरून कधीच काढून टाकलाय. मशीनच्या मागे डकवलेल्या चिठ्ठीवर आकडा आहे. लुबिंदाला पाठवला, म्हणजे त्याच आकड्याचं दुसरं मशीन सापडलं तर त्यातून बायोस उतरवून घेता येईल.

"अशी मशीनं शोधायची म्हणजे सगळ्या कामवालाची झाकणं उघडावी लागतील," म्हणाला.

"उघड ना."

"मासे पाठवू का गाई पाठवतेस?"

"लुबिंदा, चेष्टा नको आज."

"बरं," म्हणाला. "उघडतो."

शनिवार, १२ ऑक्टोबर

लव्हनेस दुकानात आली. मास्तरांना गुरुवारी दवाखान्यात ठेवलंय. किडनी. मार्चपासून माहीत होतं, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की फार काही करता येणार नाही. मास्तरांनी कुणाला सांगू दिलं नाही.

म्हणजे मी ज्याला राग म्हणत होते, ते दुखणं होतं.

लव्हनेस म्हणाली, "तू ये. तुझं नाव घेतात."

मी म्हटलं, "एक-दोन दिवसांत नक्की. लुबिंदाला मशीन सापडलंय, आज फाइल येईल. रिकाम्या हाताने कशी येऊ, लव्हनेस? मीच तर घालवलं ना त्यांचं सगळं."

ती म्हणाली, "तुला वाटतं तसं नाही ते." मग दुकानात गिऱ्हाइकं पाहून गेली.

संध्याकाळी आईला सांगितलं. ती पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. म्हणाली, "उठ, आत्ता जा." मी गेले नाही. फाइल निम्मी उतरली होती आणि नेट कधी जाईल याचा नेम नव्हता. हे लिहिताना मला माझीच शिसारी येते आहे, पण घडलं ते असं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

मशीनचं स्वतःचं जे होतं ते तसंच ठेवून बाकीचा जुना बायोस जोडला. बावीसच्या बावीस फोन काढून इन्व्हर्टर मोकळा केला. सकाळी साडेनऊला लिहिलं, ताडून पाहिलं, चिमटा काढला, बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. तीनदा तसंच झालं. मग पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं. कुलूप उघडलं, त्याने मला काही विचारलंही नाही. मास्तरांची फाइल होती. चारशे सहा पानं.

फाइल तीन ठिकाणी उतरवली, लॅपटॉप पिशवीत घातला आणि टॅक्सी करून दवाखान्यात गेले.

मास्तर पहाटे गेले होते.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

काल माती झाली. तीन दिवस आम्ही बायका लव्हनेसच्या घरी जमिनीवरच झोपलो. आईने मक्याच्या न्शिमाची पातेली ढवळली, मी पाणी भरलं. मास्तरांचे जुने विद्यार्थी आले, एक तर पार लांबच्या मोंगूहून. मी कुणालाही सांगितलं नाही की मी कोण. आईनेही नाही सांगितलं.

मातीच्या आधी मास्तरांच्या घराण्यातला एक वडीलधारा लव्हनेसला म्हणाला, "त्याच्या आईचं नाव घेऊन त्याला पाठवायचं. त्याची माणसं कुठे झोपलीत ते थडग्यावर सांगतात, म्हणजे तो नीट पोचतो. त्याने सगळ्यांचं लिहिलंय, स्वतःचंही लिहिलं असेल. ते आण."

लव्हनेस माझ्याकडे आली. "मला आजीचं नावसुद्धा माहीत नाही," म्हणाली. "विचारलं की विषय बदलायचे. काढून दे तेवढं."

आम्ही आतल्या खोलीत लॅपटॉप उघडला. पहिल्या गावापासून एकोणचाळिसाव्यापर्यंत सगळं भरलेलं आहे. घरं, झाडं, वाटा, थडगी, थडग्यावरचं मडकं कुठल्या बाजूने फुटलेलं होतं ते देखील. प्रत्येक गावाखाली ज्यांनी सांगितलं त्यांची नावं आणि वर्ष. त्यातलं कुणी वारलं की मास्तर नावापुढे फुली करायचे. फुल्याच फुल्या.

चाळिसावं सियामुबोतु. नदी, आजोबांचं थडगं, चार घरं, असं अर्धं पान. मग एक ओळ: आई. त्याच्यापुढे एक रेघ. नंतर काही नाही.

लव्हनेसने खाली सरकवून पाहिलं, कोरी पानं संपेपर्यंत. मी म्हटलं, "फाइल पूर्ण आहे. काही गेलेलं नाही. एवढंच आहे." माझा आवाज मलाच गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखा वाटला.

'थोडंच आहे' म्हणाले होते. 'सगळं नाही' म्हणाले होते. मी वही काढली असती तर दोन पानं लागली असती.

मातीच्या वेळी वडीलधाऱ्याने आजोबांचं नाव घेतलं आणि आईच्या जागी नुसतंच 'याची आई' म्हटलं. लव्हनेसने डोक्यावरून चितेंगे ओढून घेतलं.

बुधवार, २३ ऑक्टोबर

मशीन नीट चालतंय. चारशे सहा पानांच्या चार प्रती काढल्या. कुणाला कळलं कसं कोण जाणे, लोक दुकानात येऊन आपलं गाव विचारतात. आज एक म्हातारा आला, त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या गावाचं पान वाचून दाखवलं. त्याच्या आजीच्या थडग्यापाशी आलो तेव्हा त्याने हात वर केला. थांब, म्हणाला. टोपी काढली. मग म्हणाला, हं, वाच आता. मी त्याला ती तीन पानं देऊन टाकली.

तो गेल्यावर मला कामच सुचेना. लोक माझे आभार मानतात, आणि मी ते घेते.

शनिवार, २६ ऑक्टोबर

रात्रभर नावं पाहिली. चाळीस गावांत मिळून दोनशे अकरा माणसांनी मास्तरांना सांगितलंय. दोनशे दहा नावांपुढे फुली आहे. एक नाव उरलं. जेलिताची आई, सदतिसावं गाव, मुक्काम सिनाझेझेच्या पुढे, नव्या वस्तीत. तिच्या नावापुढे एक वर्ष नाही, अकरा वर्षं लिहिलीत. अकरा वेळा गेले होते तिच्याकडे.

लव्हनेसला म्हटलं, चल.

सोमवार, २८ ऑक्टोबर

काल आम्ही जाऊन आलो. जे टाइप करायचं होतं ते आज सकाळी करून टाकलं. इथे बाकीचं लिहिते.

जेलिताची आई ब्याऐंशीच्या पुढची असेल. तोंडात पाइप, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा. लव्हनेसने सांगितलं की ती सियामायुवा मास्तरांची मुलगी आणि ते गेले. म्हातारी बराच वेळ जमिनीवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आता विचारायला कुणी येणार नाही."

"काय विचारायचे, आजी?" मी म्हटलं.

"दुसऱ्यांची गावं विचारायचा आधी. वही उघडून. मग वही मिटायचा आणि शेवटी तेच विचारायचा. दर खेपेला तेच."

मी वही काढली. म्हातारीला दिसलं नसावं, पण कागद वाजला ते ऐकलं. "लिहितेयस का? लिही. मी त्याला म्हणायची लिही, तर म्हणायचा, जागा सापडली की लिहीन."

ती म्हणाली ते असं. अठ्ठावन्न साली शेवटचे ट्रक निघाले. सियामुबोतुचा ट्रक पुढे होता, हिच्या गावाचा मागे. लोक शेळ्यांसारखे उभे. मास्तरांची आई पोटुशी होती आणि निघायच्या आधीच तिला ताप होता. घाटाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला म्हणून मागचाही थांबला. ती गेली होती. तिला पुढच्या मुक्कामापर्यंत न्यायला ड्रायव्हर तयार नव्हता, उन्हाचे दिवस, ट्रकात लहान पोरं. पुरुषांनी रस्त्यालगत खड्डा केला. घाईघाईत. दगडसुद्धा नीट रचले नाहीत. अकरा वर्षांचा पोरगा खाली उतरून उभा होता, त्याला दोघांनी उचलून परत ट्रकात टाकलं.

"तो ओरडला नाही," म्हातारी म्हणाली. "मागे बघत राहिला. मोजत होता, मला दिसत होतं. वळणं मोजत होता. पण घाटात वळणं किती, आणि पोर ते. रात्री आम्ही पोचलो तेव्हा विसरला आकडा. मला म्हणाला, ताई, तू मोजलीस का? मी कशाला मोजू? मी सोळा वर्षांची, रडत होते माझ्या कोंबड्यांसाठी."

मी विचारलं, "कुठल्या बाजूला, आजी? चढताना डाव्या का उजव्या?"

"तेच तो विचारायचा. कधी मला डावी वाटते, कधी उजवी. पुढे रस्ता रुंद केला, डांबर घातलं. रस्त्याखाली पण असेल."

मग मी म्हटलं, "नाव काय होतं त्यांचं?"

म्हातारीने पाइप काढला. "त्याने नाही सांगितलं तुम्हांला? मिझिंगा. चांगली गायची. मडकी बनवायची. तिच्या हातचं मडकं मी आणलं होतं ट्रकातून, दोन वर्षं टिकलं." मी ते पुन्हा म्हणायला सांगितलं, आणि आणखी काय काय आठवतं ते विचारलं. दोन तास बसलो. तिने सांगितलं ते सगळं लिहून घेतलं, कोंबड्यांचंही. सात पानं झाली. निघताना ती म्हणाली, "तू पुन्हा येशील का?" मी हो म्हटलं.

परतीच्या बसमध्ये लव्हनेस खिडकीशी बसली होती. घाटाचा चढ सुरू झाला आणि तिने उठून कंडक्टरला सांगितलं, बस थांबव.

"बाई, मोकळं व्हायचं होतं तर सिनाझेझेत व्हायचं होतं. इथे चढावर कुठे थांबवू?"

"थांबव," लव्हनेस म्हणाली. शाळेत पोरांना सांगतात त्या आवाजात.

थांबवली. लोक कुरकुरले. आम्ही दोघी उतरलो. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. दोन्ही बाजूंना सारखीच झुडपं, सारखेच दगड, खाली लांबवर करिबाचं तळं, ओसरलेलं, काठाला पांढरी माती उघडी पडलेली. लव्हनेस थोडा वेळ इकडे तिकडे पाहत राहिली. मग रस्त्याच्या डाव्या कडेला जाऊन ती आजीच्या नावाने हाक मारल्यासारखं मोठ्याने म्हणाली, "मिझिंगा. तुझा मुलगा आलाय तुझ्याकडे. गुरुवारी आलाय, शोधत असेल. त्याला भेट." मग रस्ता ओलांडून उजव्या कडेला गेली आणि तेच पुन्हा म्हणाली, अक्षरही न बदलता.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं होतं.

आम्ही चढलो. बस सुरू झाल्यावर मागच्या बाकावरची एक बाई पुढे वाकली आणि तिने हळूच विचारलं, "कोण होती?"

लव्हनेस म्हणाली, "माझी आजी. मिझिंगा तिचं नाव."